मराठी फक्त रविवारी असते का?

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी मला बोलायला बोलावलं आणि लगेच बजावलं, ‘ताई, दहा मिनिटं हं. वऱ्हाडी माणूस सुरू झाला की पुरणपोळ्या गार होतात.’ खरं आहे. त्यात मी इथल्या बालवाडीतली बाई, म्हणजे एकच वाक्य तीनदा म्हणायची सवय. सांभाळून घ्या.

यंदा मे महिन्यात गावी होतो, परतवाड्याजवळ. अख्खं घर कूलरसमोर. धाकट्या भावाची मुलगी कॉन्व्हेंटला, केजी टूमध्ये. शाळेला सुट्टी होती, पण ‘घरी इंग्लिशच बोला’ हा मॅडमचा नियम सुट्टीवर नव्हता. आईनं नातीला हाक मारली, ‘ये वं बाई, पन्हं घे.’ भाऊ म्हणाला, ‘आई, तिच्याशी मराठीत नको बोलू.’ मग काय विचारता! ‘मंग म्या काय मुक्यावानी बसू? तुले काय इंग्रजीत दूध पाजलं होतं म्या?’ भाऊ ताटावरून उठला. वहिनी रडायच्या बेतात. बाबा कूलरमध्ये पाणी टाकायला बाहेर गेले, ते बराच वेळ टाकतच राहिले. आणि आमची चार वर्षांची कन्या सगळ्यांसमोर मला विचारते, ‘आई, इथे पण मराठी फक्त रविवारीच असते का?’

इथे परदेशात आपल्या मंडळाची मराठी शाळा रविवारी भरते. तिचा हिशोब चोख होता.

भावावर चिडणं सोपं आहे. पण कापसाचा भाव बघत मोठा झालेला माणूस तो. आपली बहीण इंग्रजीच्या जोरावर परदेशी गेली, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. मी त्याला मातृभाषेचं महत्त्व सांगायला लागले, तर म्हणाला, ‘ताई, तू तरी नको बोलू.’ यावर मी काय बोलणार?

माझ्या कामातलं थोडं सांगते. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांचा एक अभ्यास आला. इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक कळत होता. वर्षाची होता होता बहुतेकांची ती ओळख गेली, कारण घरात तो फरक कोणी वापरतच नव्हतं. पुढे २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी ऐकवली. समोर माणूस बसून खेळला, पुस्तक दाखवलं, तेव्हा बारा बैठकांत बाळांचे कान त्या आवाजांना सरावले. तेच टीव्हीवर दाखवलं, तर काहीच नाही. तेव्हा पोराला बालगीतांसमोर बसवून भाकरी थापायला जाणाऱ्या आयांनो, भाकऱ्या तेवढ्या होतात. हो, मीही त्यातलीच.

लहान मुलाला भाषा माणसाकडून मिळते, आणि तीही काही हवं असतं म्हणून. घरची भाषा काढून घेतली की दुसरीला जागा होते, हा समज कुठून आला देव जाणे. दोन्ही भाषांची सरमिसळ झाली तरी मूल गोंधळलेलं नसतं.

माझी शाळेतली मैत्रीण मेळघाटात, चिखलदरा तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. तिथली लेकरं घरी कोरकू बोलतात, बाजारात हिंदी ऐकतात. कोरकू ही संथाली-मुंडारी या आदिवासी भाषांच्या कुळातली, मराठीशी तिचं काही नातं नाही. म्हणजे त्या लेकरांना आपली मराठी परकी. तिच्याकडे एक पोरगं आलं, ते कित्येक दिवस दाराच्या चौकटीला टेकून बसायचं. तोंडातून शब्द नाही. हिनं बोलायची सक्ती केली नाही. हात धुताना ‘हात दाखव’, खिचडी वाढताना ‘थांब, गरम आहे’, रोज तेच शब्द, त्याच वेळेला. रडलं की गावातलीच मदतनीस त्याला कोरकूतून समजवायची. एके दिवशी एक पोरगी त्याच्या बसकरावर येऊन बसली, आणि हा ओरडला, ‘सरक!’ मैत्रिणीनं मला फोन करून सांगितलं, जशी काही तो बोर्डात पहिला आला.

आता आपलं बघा. आपली मुलं ‘दिव्या दिव्या दीपत्कार’ म्हणतात मराठीत आणि भांडतात इंग्रजीत. मराठी देवापुढची, इंग्रजी खेळण्यातली. भुलाबाईची गाणी आपल्याला कोणी वहीत उतरवून दिली होती? डब्यातली खिरापत ओळखायची घाई असायची, त्या घाईत सगळं तोंडपाठ झालं. आणि एक कडू बोलते, रागावू नका. माझी लेक मंडळात ‘मले पायजे’ म्हणाली, तर चौघांनी तिला ‘मला’ म्हणायला लावलं. त्यानंतर तिनं ‘आय वॉन्ट’ म्हटलं. ते मात्र कोणी सुधारलं नाही.

आपल्या शाळेत प्रवेश सहाव्या वर्षापासून. माझं म्हणणं, दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातल्या मधल्या वारी सकाळ ठेवा. पाटी नाही, बाराखडी नाही. भेंडी चिरायची, पीठ मळायचं, भांडायचं. न्यूझीलंडमध्ये माओरींनी १९८२ पासून असंच केलं. घरातली म्हातारी माणसं लहानग्यांत बसवली आणि दिवसभर माओरीच बोलायची ठरवली. आपल्याकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आज्या खिडकीतून बर्फ बघत बसतात.

मैत्रिणीचं ते पोरगं आता पहिलीत जाईल. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं, शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा. ‘शक्य असेल तिथे’ म्हणजे मेळघाटात कुठे, हे तिला कोणी सांगितलेलं नाही. पहिलीला मराठी आहे, २००० सालापासून इंग्रजीही आहे. कोरकू बोलणारी मदतनीस मात्र अंगणवाडीतच राहणार.

आपल्या आज्याही सहा महिन्यांनी परत जातील. मग त्या सकाळी कोण बसणार? बाहेर टेबलावर यादी ठेवली आहे. आज्यांची नावं येतील, त्याची मला काळजी नाही. तिशी-चाळिशीतल्या किती जणांची येतील, याची आहे.