एका थोर कलावंताच्या स्मरणार्थ

श्रोतेहो, नमस्कार.

आज रशियन संगीतकार चायकॉव्हस्कीच्या एका रचनेविषयी बोलणार आहे. पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तीनच वाद्यांची ही रचना. गंमत म्हणजे ही तीन वाद्यं एकत्र ऐकणं त्याला अजिबात सोसत नसे. १८८० साली त्याची आश्रयदाती नादेझ्दा फॉन मेक हिने अशी रचना मागितली, तेव्हा त्याने पत्रातून स्पष्ट नकार कळवला होता.

मार्च १८८१मध्ये पॅरिसला निकोलाय रुबिनस्टाइन वारला. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीचा, म्हणजे तिथल्या संगीत महाविद्यालयाचा हा संस्थापक आणि नामांकित पियानोवादक. तरुण चायकॉव्हस्कीला त्यानेच नोकरी दिली, राहायला घरही दिलं. त्याच चायकॉव्हस्कीचा पहिला पियानो कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना, १८७४च्या नाताळाच्या आदल्या संध्याकाळी ऐकून ‘हा वाजवण्याजोगाच नाही’ असे वाभाडेही त्यानेच काढले. पुढे मात्र तोच कॉन्चेर्तो त्याने मैफलींत वाजवला. असा हा मित्र!

त्याच्यासाठी लिहायचं तर पियानो हवाच. त्याच वर्षाच्या अखेरीस, हिवाळ्यात रोममध्ये मुक्काम असताना चायकॉव्हस्कीने आपला नकार गुंडाळून ठेवला आणि ही रचना लिहिली, ‘एका थोर कलावंताच्या स्मरणार्थ’ अशा अर्पणाच्या शब्दांसह. पियानोचा भाग इतका अवघड, की जणू रुबिनस्टाइनच वाजवायला बसणार आहे.

रचनेचे भाग दोनच. पहिल्याच्या आरंभी चेलो शोकाची सुरावट उचलतो, मग व्हायोलिन ती हाती घेतं. दुसऱ्या भागात पियानो एकटाच एक साधी, लोकगीताच्या वळणाची धून वाजवतो आणि मग तिची नाना रूपं सुरू होतात. एकात वॉल्ट्झ नाचाचा ठेका, एकात माझुर्का या पोलिश नाचाचा, तर एका ठिकाणी चावी दिली की वाजणाऱ्या पेटीसारखी किणकिण. स्मरणार्थ लिहिलेल्या रचनेत एवढा खेळकरपणा! मला तो फार आवडतो. शेवटचं रूप तर जल्लोषातच सुरू होतं. ते ऐन भरात असताना पहिल्या भागातली शोकाची सुरावट पूर्ण जोराने परत येते. मग पियानोवर अंत्ययात्रेची संथ पावलं पडत राहतात, विरत जातात. पाऊण तासाहून मोठ्या या रचनेतली ही शेवटची दोनेक मिनिटं जरूर कान देऊन ऐका.

रुबिनस्टाइनच्या पहिल्या स्मृतिदिनी, मार्च १८८२मध्ये, ती कॉन्झर्व्हेटरीतच खासगीरीत्या वाजली. पियानोवर चायकॉव्हस्कीचा शिष्य तानेयेव होता.

१८९३मध्ये चायकॉव्हस्की गेला, तेव्हा विशीतल्या रख्मानिनोव्ह या रशियन संगीतकाराने याच तीन वाद्यांसाठी शोकरचना लिहिली आणि तिच्यावर अर्पणाचे शब्दही हेच घातले : ‘एका थोर कलावंताच्या स्मरणार्थ’.