एप्रिलचा टँकर जानेवारीच्या अजेंड्यावर का हवा? नगरपंचायतीची सभा समजून घेऊ

नमस्कार मंडळी. केज असो, रेणापूर असो, मंठा किंवा अर्धापूर. आपल्याकडं तालुक्याच्या बऱ्याच गावांत आता ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. 17 प्रभाग, 17 नगरसेवक. पण सभेत नेमकं काय चालतं, हे विचारलं तर उत्तर एकच: "भांडणं." भांडणं होतात, खरंय. तुमच्या नळाचा निकाल मात्र कागदावर लागतो.

कायदा आहे 1965 चा, नगर परिषदा आणि नगरपंचायतींचा. त्याप्रमाणे सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा घ्यावीच लागते. नोटीस पूर्ण सात दिवस आधी. पूर्ण म्हणजे नोटीस मिळाली तो दिवस धरायचा नाही आणि सभेचा दिवसही नाही. 1 तारखेला नोटीस मिळाली तर सभा 9 तारखेच्या आत नाही. विशेष सभेला हीच मुदत तीन दिवसांची.

आता टँकरचा हिशेब करा, आणि उलटा करा.

(स्क्रीनवर कॅलेंडर, एप्रिलपासून मागं)

आपल्याकडं एप्रिलला बोअर आटतात. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते एप्रिलमध्येच. टँकर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फिरायला हवा असेल, तर मार्चमध्ये कार्यारंभ आदेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी हुकूम, निघायला पाहिजे. त्याच्या आधी दरमंजुरी, त्याच्या आधी निविदा आणि तिची मुदत. एखाद्या वेळी कुणीच निविदा भरत नाही, मग मुदतवाढ. म्हणून विषय जानेवारीच्या सभेत यायला हवा. तिथं हुकला की पुढची सभा मार्चमध्ये. मग एप्रिलमध्ये "तातडीची बाब" म्हणून ओळखीच्याच गाडीला काम जातं, आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघतो.

टँकरच्या ठरावात दर "प्रति खेप" एवढाच लिहिलेला असेल तर थांबा. खेप किती लिटरची? 5 हजारांची की 12 हजारांची? भरायचं कुठून, अंतर किती, नोंदवही कोण लिहिणार, सही कुणाची? हे नसलं की बिल निघताना वाद ठरलेला.

आता अजेंडा. पहिला विषय असतो "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे". इतिवृत्त म्हणजे सभेत काय झालं त्याची लेखी नोंद. दोन मिनिटांत उरकतात तो. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच, कारण मागच्या वेळी बोललं एक आणि लिहिलं दुसरं, हे पकडायची जागा हीच. नगरसेवकानं कितीही आरडाओरडा केला आणि इतिवृत्तात "सर्वानुमते" पडलं, तर कागदोपत्री त्याचा होकारच. विरोध असेल तर नावानिशी नोंदवून घ्यावा लागतो. आणि शेवटची ओळ पाहा: "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". श्रद्धांजली, अभिनंदन इथं आलं तर ठीक. पैशाचा विषय इथून आला तर भुवई उंचवायची.

आता ठराव वाचू.

(स्क्रीनवर नमुना एक)

"प्रभाग 7 मध्ये पाइपलाइन टाकण्यास मंजुरी देण्यात येते." हा ठराव लंगडा आहे.

(स्क्रीनवर नमुना दोन)

"प्रभाग 7, मारुती मंदिर ते पाण्याची टाकी, 110 मिमी एचडीपीई पाइप, लांबी 240 मीटर, अंदाजपत्रकाची रक्कम अमुक, निधी पंधरावा वित्त आयोग बंधित, पाणीपुरवठा. सूचक, अनुमोदक." हा चालतो. पाइप कमी टाकला तर मीटर टेपनं मोजता येतो. आणि निधीचं नाव असल्यामुळं लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा ते, ठरतं. ते नसलं की लेखापाल बिल अडवतो. बरोबरच आहे त्याचं. पंधराव्या वित्त आयोगात 2021 ते 26 साठी आपल्यासारख्या लहान शहरांचा 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्याच कामांसाठी होता, त्यातला निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. तो सिमेंट रस्त्यावर घालता येत नाही. "पैसे पडून आहेत, रस्ता का करत नाही?" याचं उत्तर कितीदा तरी एवढंच असतं.

ठराव झाला म्हणजे काम झालं, असंही नाही. तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, मग देयक. आणि ठराव कायद्याला धरून नसेल तर कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात.

तुम्हाला ठराव बघायचाय? माहिती अधिकारात साधा अर्ज करा, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. "सगळ्या कामांची माहिती द्या" असं लिहू नका. अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. असं लिहा: "अमुक तारखेच्या सर्वसाधारण सभेचा अजेंडा, इतिवृत्त आणि विषय क्रमांक अमुकचा ठराव, प्रमाणित प्रत." पानाला 2 रुपये. उत्तराची मुदत 30 दिवस. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.