डॉक्टर, म्हातारीला काही सांगू नका

(दृश्य: लेक्चर हॉल. दुपार. पंखे फुल स्पीडवर.)

दुपारचे दोन वाजलेत, मेसचं जेवण नुकतंच पोटात गेलंय आणि तास आहे एथिक्सचा. मागच्या बाकांवर काय चाललंय ते दिसतंयच तुम्हाला. नाशिकमधलं एक मेडिकल कॉलेज आहे हे. मॅडम आत येतात, प्रोजेक्टरला हातही लावत नाहीत, डायरेक्ट केस सांगायला लागतात.

निफाडकडची बाई, वय ६२, पोटाचा कॅन्सर, पसरलेला. रिपोर्ट मुलाच्या हातात. मुलगा डॉक्टरला बाजूला घेऊन सांगतो, म्हातारीला काही सांगू नका, ती हाय खाईल. आणि तिकडे बेडवर बाई रोज विचारतेय, काय निघालं ओ रिपोर्टात? उद्या सकाळी राउंडला ती तुम्हालाच विचारणारे. काय बोलाल?

मागचे दोघं-तिघं उठले बघा.

केस बनवलेली आहे, पण अशी आई आणि असा मुलगा कुठल्याही मोठ्या दवाखान्यात सापडतात. पोरांचं पहिलं उत्तर पाठ असतं: ऑटोनॉमी, पेशंटचा हक्क आहे, सांगायलाच पाहिजे. चार तत्त्वं घोकलेलीच असतात, पेशंटची स्वायत्तता, त्याचं भलं करणं, इजा न करणं आणि न्याय. मॅडम म्हणतात, बरोबर, मार्क दिले. आता मुलगा दारात उभाय, कांद्याचे आलेले पैसे त्याने इथेच भरलेत आणि तो रडतोय. त्याच्याशी बोला.

आता मात्र सगळा वर्ग चिडीचूप. माझ्या मते खरा विषय इथून सुरू होतो, कारण काय बरोबर आहे हे पोरांना माहितीये, ते समोरच्या रडणाऱ्या माणसाला कोणत्या शब्दांत सांगायचं हे कुणी शिकवलेलंच नाहीये.

(दृश्य: दिंडोरी रोड, म्हसरूळ. आरोग्य विद्यापीठाचं गेट.)

आता थोडी माहिती. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच आहे, १९९८ पासून, राज्यभरातली मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंगची कॉलेजं त्याला जोडलेली. आधी एमबीबीएसला एथिक्स म्हणजे फॉरेन्सिकच्या पुस्तकातलं एक प्रकरण असायचं, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचं. २०१९ च्या बॅचपासून नवा अभ्यासक्रम आला, त्यात एटकॉम नावाचा भाग आहे, म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद, पहिल्या वर्षापासून शेवटपर्यंत. सुरुवात डिसेक्शन हॉलमध्येच होते, देहदान केलेला माणूस हा तुमचा पहिला शिक्षक, असं सांगून शपथ घ्यायला लावतात. त्या दिवशी सगळे सिरीयस असतात, पुढच्या आठवड्यात तिथेच जोक्स सुरू, आणि त्यातही नवल नाही, भीती वाटली की माणूस हसतो, हीसुद्धा सायकॉलॉजीच झाली.

कागदावर सगळं छान आहे हो. गडबड वॉर्डात होते.

(दृश्य: वॉर्डचा कॉरिडॉर, रात्र. फोनची रिंग.)

मॅडमचा आवडता किस्सा १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगाचा आहे. हॉफलिंग नावाच्या सायकियाट्रिस्टने केलेला. ड्युटीवरच्या नर्सला फोन येतो, मी अमुक डॉक्टर बोलतोय, तमुक पेशंटला २० मिलिग्रॅम औषध द्या, मी आलो की सही करतो. डॉक्टर ओळखीचा नाही, फोनवर ऑर्डर घ्यायची नाही असा हॉस्पिटलचा नियम, आणि डबीवर स्वच्छ लिहिलंय, जास्तीत जास्त डोस १० मिलिग्रॅम. २२ पैकी २१ नर्स औषध घेऊन निघाल्या. वाटेत त्यांना थांबवलं, गोळ्याही खोट्याच होत्या. पण २१!

हे सांगितलं की पोरं म्हणतात, आम्ही असं केलं नसतं. मॅडम हसतात. मग जोड्या लावतात, एक जण रेसिडेंट म्हणजे वॉर्डातला सीनियर डॉक्टर, एक जण त्याच्या हाताखालचा शिकाऊ इंटर्न. रेसिडेंट चुकीचा डोस सांगणार आणि इंटर्नने एवढंच म्हणायचं, सर, डोस एकदा परत बघू का? बस, एक वाक्य. वर्गात सगळं खोटं असूनसुद्धा आवाज खाली जातो. एक जण तर सॉरी सर, सॉरी सर करत पूर्ण वाक्य गिळूनच टाकतो आणि सगळे हसतात, पण हसता हसता प्रत्येकाला कळत असतं की आपणही तेच केलं असतं, कारण ज्याला टोकायचंय त्याच्याच हाताखाली पुढचं वर्ष काढायचंय. म्हणून ते वाक्य परत परत म्हणून घेतात, सीपीआरची प्रॅक्टिस घेतात तसं.

आणि मग मॅडम उलटा प्रश्न टाकतात. त्या नर्सेसना कुणी विचारलं होतं का, तुमच्यावर प्रयोग करू का म्हणून? नव्हतं विचारलं. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेचा, म्हणजे माणसांवरच्या प्रयोगांच्या नियमावलीचा, पहिलाच मुद्दा आहे की माणसाची स्वतःच्या मर्जीने दिलेली संमती पाहिजेच, आणि हा प्रयोग त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी छापून आलाय. म्हणजे आज्ञाधारकपणाबद्दल शहाणं करणारा प्रयोग स्वतःच एथिक्सच्या परीक्षेत नापास. ह्यावर वर्गात जी भांडणं होतात ती ऐकण्यासारखी असतात.

(दृश्य: ओपीडीची रांग. सुरगाणा, पेठ, त्र्यंबककडून आलेली माणसं.)

संमतीचं आपल्याकडे काय होतं, तर फॉर्म नातेवाईकापुढे सरकवतात. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला होता, एका बाईची संमती फक्त दुर्बिणीने तपासणी करायची होती, ती भुलीखाली असताना आईची सही घेतली आणि गर्भाशय, बीजकोश काढून टाकले. कोर्टाने सांगितलं, पेशंट सज्ञान आहे, जिवावर बेतलेलं नव्हतं, मग आईची संमती चालणार नाही. निकाल पोरांना पाठ आहे. पण पेठहून आलेली, कोकणा आदिवासींची कोकणी बोली बोलणारी बाई, तिला समजेल अशा शब्दांत किती जण सांगतात? अंगठा उमटला म्हणजे समजलं असं नसतं ना.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं तर आणखी अवघड. आदिवासी पट्ट्यात तपासण्या होतात, २०२३ पासून राष्ट्रीय मोहीमही आहे. समजा लग्न ठरलेली मुलगी वाहक निघाली, म्हणजे तिला स्वतःला सहसा त्रास नसतो, पण नवराही वाहक असेल तर प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के शक्यता की बाळाला आजार असेल. सासू येऊन विचारते, पोरीच्या रक्तात काय निघालं? नियम सांगतो, मुलीच्या परवानगीशिवाय बोलायचं नाही. पण नियम सांगून सासू गप्प बसते का? ती काहीतरी आहे म्हणूनच लपवताय म्हणते, आणि गप्प राहूनसुद्धा गुपित फुटतं. म्हणून आधी मुलीशी एकटीशी बोला, कुणाला काय सांगायचं हे तिलाच ठरवू द्या, आणि मुलाचीही तपासणी सुचवा, नाहीतर सगळा दोष पोरीच्याच माथी बसतो.

(दृश्य: रोल प्ले. खुर्च्या समोरासमोर.)

आता परत निफाडच्या बाईकडे. वाईट बातमी सांगायची सहा पायऱ्यांची एक पद्धत २००० साली कॅन्सरच्या डॉक्टरांनी मांडलीये, स्पाइक्स नाव. त्यातली एक पायरी मला फार आवडली. सांगायच्या आधी पेशंटलाच विचारायचं. मावशी, आजाराबद्दल सगळं तुम्हाला सांगू, का मुलाशी बोलू? ती म्हणाली मुलाशी बोला, तर तो तिचा निर्णय. म्हणाली मला सांगा, तर मग मुलाशी आधी बसायचं आणि त्याला नेमकी कसली भीती वाटतेय ते ऐकून घ्यायचं.

ऐकून घेणं सोपं वाटतं ना? १९८४ च्या एका अभ्यासात डॉक्टर पेशंटला सरासरी १८ सेकंदांत मधेच तोडत होते. इथली पोरं मोबाइलवर स्टॉपवॉच लावून एकमेकांचं मोजतात.

मार्क कसे द्यायचे हा मात्र घोळ आहे. अनुभव लिहायची वही असते, आणि ती व्हॉट्सअॅपवर फिरते, सगळ्यांना अगदी सारखं वाईट वाटलेलं असतं! म्हणून मॅडमनी नवीन काढलंय, तुम्हाला काय वाटलं ते लिहूच नका, पेशंट जे बोलला ते जसंच्या तसं लिहा, त्याच्याच बोलीत, आणि तुम्ही मधे कुठे तोडलंत तिथे रेघ मारा. पहिल्या बॅचच्या वह्या टेबलावर आल्यात. रेघाच रेघा आहेत.