छातीवर काय लावायचं आणि कोणी

(मेहकर तालुक्यातल्या एका गावात, भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसमोर एका निवृत्त सुभेदारांनी केलेलं भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती काढून थोडं संपादित केलं आहे.)

राजेहो, आधी एक भीती काढून टाकतो. तुमच्यातल्या बऱ्याच पोट्ट्यांनी आज चट्ट्यापट्ट्याच्या पँटी घातल्या आहेत आणि मी आल्यापासून ते पाय बाकाखाली लपवत आहेत. लपवू नका. आठवडी बाजारात ही पँट स्वस्तात मिळते, मळ दिसत नाही, काट्याकुट्यात टिकते. कपाशीत फवारायला जाणारा माणूस तीच घालतो. त्याच्यावर कोणता जवान चिडत नाही, आणि कायदाही चिडत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १६८, जे आधी दंड संहितेत १४० होतं, ते हेतू पाहतं. स्वतः सैनिक नसताना, लोकांनी आपल्याला सैनिक समजावं म्हणून जो सैनिकाचा पोषाख किंवा खूण अंगावर वागवतो, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फवारणीवाल्याला कोण सैनिक समजणार आहे? पंप पाठीवर असतो ना बाप्पा त्याच्या.

तरी एक ध्यानात ठेवा. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे लष्करी वर्दीत आले होते. त्यानंतर सैन्यानं जनतेला आणि दुकानदारांनाही विनंती केली की कॉम्बॅटच्या, म्हणजे लढाईत घालायच्या वर्दीच्या, नक्षीचे कपडे विकू नका, घालू नका. पुढे १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाच्या संचलनात नवी कॉम्बॅट वर्दी पहिल्यांदा लोकांसमोर आली, ती निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेच्या मदतीनं तयार केलेली, बारीक चौकोनी ठिपक्यांच्या नक्षीची. त्या नक्षीची सैन्यानं रीतसर नोंदणी करून हक्क स्वतःकडे ठेवले आहेत. म्हणून तशी हुबेहूब नक्षी कुठं दिसली तर स्वस्त आहे म्हणून उचलू नका.

आता मुद्द्याचं. फौजी माणूस नेमका कशानं चिडतो?

सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, बूट चमकले नाहीत की चिडतो. ते ट्रेनिंगपुरतं. बेळगावला जा, सागरला जा, आपल्या कामठीला गार्ड्स रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरला जा, पहिले काही महिने उस्ताद, म्हणजे शिकवणारा, तुमच्या खिशावरच्या लोंबत्या धाग्यावरून रगडा, म्हणजे दमवणारी शिक्षा, देईल. बटण उघडं, रगडा. बक्कल शर्टाच्या पट्टीच्या रेषेत नाही, रगडा. बुटाची नाडी पिळलेली, रगडा. माझं स्पष्ट मत आहे की यातला निम्मा जाच उगाच असतो. पण उरलेल्या निम्म्याला कारण आहे. नाडी सैल असलेला माणूस रात्रीच्या चालीत पडतो आणि त्याच्यामागचे नऊ जण थांबतात. उस्ताद हे कारण सांगत बसत नाही, कारण सांगायला वेळ नसतो आणि कधी कधी त्यालाही ते कोणी सांगितलेलं नसतं.

कॉम्बॅट वर्दीचंच घ्या. आमच्या काळात ती कडक कांजी घालून, क्रीज पाडून घालायची हौस होती. परेडला छान दिसायचं. पण ज्या कपड्याचं कामच दिसू नये हे आहे, त्याला कांजी आणि इस्त्री मारून चकाकी आणायची, हे उलटंच झालं. आणि साधी धुण्याची पावडर? कपडे उजळ दिसावेत म्हणून त्यात एक रसायन घालतात. ते न दिसणारे अतिनील किरण शोषतं आणि निळसर उजेड बाहेर टाकतं. डोळ्याला तो उजळपणा वाटतो, पण रात्री पाहायच्या दुर्बिणीत असा कपडा वेगळा उठून दिसू शकतो. घरी आईनं प्रेमानं नीळ घालून धुऊन दिलेली कॉम्बॅट सीमेवर घेऊन जाऊ नका. आईला वाईट वाटेल, वाटू द्या.

सुट्टीवरचा जवान हा दुसरा प्रकार. बडनेऱ्याला गाडीतून उतरतो, वर टी-शर्ट, खाली कॉम्बॅटची पँट, पायात चप्पल. वर्दी घालायची तर पूर्ण घाला, नाही तर पूर्ण सिव्हिल घाला. हे अर्धं-अर्धं कुठल्याही मिलिटरी पोलिसाला दुरून दिसतं. आणि ज्याच्या खिशात हात, कानात इअरफोन, छातीच्या खिशात फुगलेला मोबाईल, त्याला पाहून जुन्या माणसाच्या कपाळावर आठी पडणारच. मोबाईलवरून आठवलं. वर्दीत रील काढू नका. नावाची पट्टी, फॉर्मेशनची म्हणजे मोठ्या तुकडीची खूण, मागे उभी गाडी, सगळं त्यात दिसतं, आणि ते कोण पाहतं हे तुम्हाला कळत नाही. जुलै २०२० मध्ये सैन्यानं आपल्या लोकांना ८९ अॅप मोबाईलमधून काढायला सांगितले होते, त्यात फेसबुक, इन्स्टाग्रामही होते. कोणाला हौस म्हणून ते केलं नव्हतं.

पण खरी आग कशानं होते ते ऐका. छातीवरच्या रिबनांनी.

रिबन म्हणजे पदकाच्या जागी लावायची रंगीत पट्टी. ती माणसाच्या नोकरीचा लेखी जबाब असते, फक्त वाचता आला पाहिजे. डाव्या छातीवर, आणि सगळ्यात मोठा मान बटणांच्या बाजूला, म्हणजे छातीच्या मध्याकडे. देशाच्या क्रमात भारतरत्न पहिलं, मग परमवीर चक्र, मग अशोक चक्र. त्याखाली बाकी शौर्यपदकं, मोहिमांची, उंच प्रदेशाची, सियाचिनची, नऊ-वीस-तीस वर्षांच्या नोकरीची पदकं, ज्याची त्याची जागा ठरलेली. ओळीत एक रिबन इकडचं तिकडं झालं तरी आम्हाला खटकतं. सवयीच्या डोळ्याला हा माणूस कुठं कुठं राहिला, कधी भरती झाला, सगळं कळतं.

म्हणूनच खोटं पकडलं जातं. स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली तेव्हा एक पदक निघालं. १५ ऑगस्ट १९९७ ला जे नोकरीत होते त्यांना ते मिळालं. आता आपल्याच भागात एका भरती अकादमीचा एक शिकवणारा मी पाहिला. पोरांपुढं कॉम्बॅट घालून, मरून बेरी, म्हणजे फौजी गोल टोपी, डोक्यावर, आणि सांगतो मी २००२ चा भरती. छातीवर ९७ चं रिबन! अरे, तू तेव्हा शाळेत पाटी घासत होतास. त्याला जवळ घेऊन विचारलं, तर म्हणे, सेटमध्ये आलं साहेब. पोळ्याला बैल सजवताना घरात असेल नसेल ते सगळं त्याच्या अंगावर घालतात, तसा तो सजला होता. फरक एवढाच की बैल स्वतः काही सांगत नाही.

मरून बेरीवरही बोलतो, कारण पोट्ट्यांना तीच आवडते. बेरीचा रंग आवडीनं निवडायचा नसतो. पायदळाची हिरवी, रणगाडेवाल्यांची काळी, तोफखान्याची गडद निळी, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेलात तर फिकट निळी. मरून फक्त पॅराशूटवाल्यांची. आणि ‘बलिदान’ची खूण तर त्यातल्याही स्पेशल फोर्सेसची. ती मोटरसायकलच्या टाकीवर, टी-शर्टवर, मोबाईलच्या कव्हरवर, जिथं तिथं दिसते. २०१९ च्या विश्वचषकात महेंद्रसिंह धोनीच्या ग्लोव्हजवर तशी खूण दिसली आणि आयसीसीनं ती काढायला सांगितली. देशभर गरमागरमी झाली. धोनी प्रादेशिक सेनेचा मानद लेफ्टनंट कर्नल, पॅरा तुकडीशी जोडलेला, २०१५ ला आग्र्याला विमानातून उड्या मारून आलेला माणूस. त्याच्या मनात खोट नव्हती, हे मी छातीठोक सांगतो. तरी खेळाच्या मैदानात ती खूण नको होती, आणि आयसीसीनं केलं ते बरोबर केलं. हे बोललो की पोट्टे माझ्यावर चिडतात. चिडा. धोनीचं एक वेळ चालून जाईल, पण त्याच्या नावावर ती खूण विकणाऱ्या दुकानाचं काय?

हुद्द्यांची गफलत मात्र गावाला माफ आहे. नायब सुभेदाराच्या खांद्यावर एक स्टार आणि एक रंगीत पट्टी, सुभेदाराच्या दोन स्टार आणि पट्टी. पट्टी न पाहता फक्त स्टार मोजले तर सुभेदार लेफ्टनंट वाटतो. सुभेदार मेजरच्या खांद्यावर अशोकचिन्ह आणि पट्टी, मेजरच्या खांद्यावर नुसतं अशोकचिन्ह. मला गावात कोणी कॅप्टन म्हणतो, कोणी मेजर म्हणतो, लग्नाच्या पत्रिकेत तर एकदा कर्नल छापलं. मी प्रत्येक वेळी दुरुस्त करतो. कारण दुरुस्त केलं नाही की दहा वर्षांनी माणूस स्वतःच कर्नल असल्यासारखा चालू लागतो. असे आहेत. नावं घेत नाही.

नियम वरच्यांनाही लागतात, हेही सांगितलं पाहिजे. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सगळ्या अधिकाऱ्यांची बेरी, खांद्यावरची हुद्द्याची चिन्हं, बक्कल, बूट एकसारखे झाले, आणि खांद्यावरची रेजिमेंटची दोरी, लॅनयार्ड, गेली. म्हणजे आयुष्यभर ज्या रेजिमेंटचा अभिमान मिरवला तिची खूण मोठ्या हुद्द्यावर उतरवून ठेवायची, कारण आता सगळ्या रेजिमेंटी त्याच्या. नौदलात त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ॲडमिरलांच्या खांद्यावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. हा बदल सिंधुदुर्गावरच्या नौदल दिनी जाहीर झाला, म्हणून आपल्याला जरा जास्त बरं वाटलं.

दाढीचं कोणीतरी चिठ्ठीवर विचारलंय. नौदलात परवानगीनं ठेवता येते. पायदळात शीख बांधवांना ठेवता येते, तुम्हाला नाही. हवाई दलातल्या एका जवानाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर २०१६ मध्ये तो हरला. तेव्हा भरतीच्या मैदानावर जाण्याआधी घोटून या.

आणि निवृत्तांसाठी, कारण मागच्या रांगेत तिघे-चौघे बसले आहेत. १५ ऑगस्टला झेंड्याला यायचं तर ब्लेझर, रेजिमेंटचा टाय, बेरी, आणि स्वतःची पदकं डाव्या बाजूला. पोट सुटल्यावर जुनी वर्दी खेचूनताणून घालू नका. शाळेतल्या तान्ह्या पोळ्याला लेकरू फौजी बनून येतं, ते गोड दिसतं. आपण दिसत नाही.

बरं, एनसीसीवाल्यांनी बेऱ्या आणल्या आहेत ना? तुमच्या बेऱ्या अजून डोक्यावर फुलक्यासारख्या फुगलेल्या आहेत, ते आज मोडायचं. बादलीत कोमट पाणी काढलं आहे, उकळतं नाही, लोकर आकसते. बेरी भिजवा, पिळू नका, टॉवेलात दाबा. ओलीच डोक्यावर घाला. पट्टी कपाळावर सरळ, आडवी, भुवईकडे झुकलेली नको. बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर. वरचं कापड उजव्या कानाकडे ओढा आणि तळहातानं चापून बसवा. मागे दोरीची गाठ लोंबते ती आत खोचा, नाही तर बेळगावच्या उस्तादाला ती पहिल्या दिवशीच दिसेल. आता असेच बसा, सुकेपर्यंत. मुलींनो, सीएमपीत, म्हणजे मिलिटरी पोलिसांत, अग्निवीर म्हणून तुमचीही भरती होते, तेव्हा तुम्हीही या, केस आधी मागे घट्ट बांधून घ्या. चला, पहिली रांग.