बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन

नमस्कार श्रोतेहो. घरात कुणाला सिरॉसिस असला, म्हणजे यकृत व्रणांनी घट्ट होऊन निकामी होत चाललं, पोटात पाणी साठू लागलं, की रिपोर्ट आल्याबरोबर सगळ्यांची नजर आधी एसजीपीटीवर जाते. ते नॉर्मल दिसलं की हायसं वाटतं. पण एसजीपीटी हे यकृताच्या पेशी फुटल्याचं माप. फुटायला पेशीच फारशा उरल्या नसतील, तर ते वाढणार कुठून? पुढच्या तीन महिन्यांतला धोका सांगणारे आकडे निराळे आहेत. लिहून घ्या: बिलिरुबिन, म्हणजे कावीळ किती; आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो; क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चालतंय. या तिघांतून निघणाऱ्या मेल्ड स्कोरची आज गोष्ट.

हे तिघं एकत्र आले अमेरिकेत, मेयो क्लिनिकमध्ये, आणि तेही भलत्याच कामासाठी. सिरॉसिसमध्ये यकृताकडे येणाऱ्या शिरेतला दाब वाढतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात, रक्ताची उलटी होते. तो दाब उतरवायला मानेच्या शिरेतून आत जाऊन यकृतात जाळीची नळी बसवतात. तिला टिप्स म्हणतात. दाब उतरतो, पण काही रुग्ण त्यानंतर थोड्याच दिवसांत दगावत. मग ही नळी बसवायची कुणाला आणि कुणाला नाही? चार केंद्रांतल्या २३१ रुग्णांच्या नोंदी तपासून २००० साली एक सूत्र छापलं गेलं. नेदरलँड्समधल्या ७१ रुग्णांवर ते पडताळलं. काम एवढंच होतं, एका जाळीच्या नळीपुरतं.

त्याच सुमारास तिथे दुसरा पेच होता. दान मिळालेलं यकृत आधी कुणाला? पोटात पाणी थोडं की बरंच, रुग्ण किती गुंगीत, हे डॉक्टरांनी नजरेनं ठरवायचं. आयसीयूत असलेला पुढे. आणि एकाच वर्गातल्या दोघांत ज्याचं नाव आधी नोंदलेलं, तो पुढे. म्हणजे लवकर नाव घातलेला, बऱ्यापैकी हिंडता-फिरता माणूस वर, आणि काल पिवळाधमक होऊन आलेला खाली. १९९९ साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या तिथल्या संस्थेच्या अहवालानं सांगितलं, कमी आजारी रुग्णांसाठी रांगेतला वेळ हा निकष नको. मग टिप्ससाठी बनवलेलं ते सूत्र रांगेतल्या ३,४३७ रुग्णांवर लावून पाहिलं. नऊपेक्षा कमी गुण असलेल्यांत तीन महिन्यांत दगावले १.९ टक्के. चाळीस गुणवाल्यांत ७१ टक्के. आणि २७ फेब्रुवारी २००२ पासून यकृताची रांग रक्ताच्या तीन आकड्यांवर चालू झाली. हाच तो मेल्ड स्कोर, ६ ते ४०; गुण जितके जास्त तितका धोका जास्त.

पण त्यात बायकांवर अन्याय होता. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. बाईचे स्नायू कमी, म्हणून मूत्रपिंड तेवढंच बिघडलं तरी आकडा कमी, गुणही कमी. पुढे २०१६ साली सोडियम जोडलं, आणि २०२३ मध्ये अल्ब्युमिन, म्हणजे यकृतात बनणारं रक्तातलं प्रथिन, आणि बायकांना १.३३ जादा गुण. एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला वीस वर्षं लागली, हे मला फार लागतं.

आता मूळ सूत्राचा हिशोब. बिलिरुबिन ४, आयएनआर १.८, क्रिएटिनिन १.५, तर गुण २२. बाकी सगळं तेच ठेवून क्रिएटिनिन २.५ करा, गुण २७. यकृत तेच, मूत्रपिंडानं पाच गुण चढवले. हे बरेचदा कशानं होतं? सांधे दुखले म्हणून दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅकनं, जुलाबांनी, पाणी उतरवायच्या गोळ्या जास्त झाल्यानं. म्हणून पुन्हा सांगते: सिरॉसिसमध्ये दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. खरं तर ती कुणालाच इतक्या सहज मिळता कामा नये.

रक्त घेतानाही चुका होतात. आयएनआरसाठी निळ्या झाकणाची नळी असते, तिच्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं: एक भाग सायट्रेट, नऊ भाग रक्त. नळी खुणेपर्यंत भरली नाही, तर सायट्रेट जास्त होऊन आयएनआर खोटा चढतो. वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, चालू असेल तर तो तिच्यानं चढतो. कावीळ लांबली की व्हिटॅमिन केची कमतरता होऊनही चढतो, म्हणून कधी डॉक्टर इंजेक्शन देऊन पुन्हा तपासतात. बिलिरुबिनचा नमुना उजेडात पडून राहिला तर आकडा खाली येतो. आणि कावीळ खूप असेल तर काही पद्धतींत क्रिएटिनिन खऱ्यापेक्षा कमी दिसतं.

आपल्याकडे बहुतेक यकृत-प्रत्यारोपणं जिवंत नातेवाइकाच्या दानावर होतात, त्यामुळे रांगेपेक्षा वेळ ओळखणं मोलाचं. गुण १५ झाले की प्रत्यारोपण केंद्रात दाखवून यावं. जाताना एकाच दिवशीचे रिपोर्ट न्या. सोमवारचं बिलिरुबिन आणि शुक्रवारचं क्रिएटिनिन जोडून काढलेला आकडा कुठल्याच दिवसाचा नसतो. मोबाइलवर आलेले रिपोर्ट छापून फायलीत लावा, तारीख वरच दिसेल असे. वॉरफरिन चालू असेल तर तेही पहिल्या पानावर लिहा.