सेंट्रल पार्कची पानगळ: फोटोचा एक दिवस कसा लावायचा

[पडद्यावर: उंचावरून पार्क, दोन्ही बाजूंना बिल्डिंगांच्या भिंती]

हा जो मधोमध पिवळा-तांबडा पट्टा दिसतोय तो न्यूयॉर्कचा सेंट्रल पार्क. 59व्या स्ट्रीटपासून 110व्या स्ट्रीटपर्यंत, साधारण 4 किलोमीटर लांब, 843 एकर आणि 18 हजारांच्या आसपास झाडं. (हा शॉट ड्रोनचा नाहीये बरं का, रॉकफेलर सेंटरच्या गच्चीवरून घेतलाय, पार्कात परमिटशिवाय ड्रोन उडवायचा नाही.) आता एवढं सगळं एका दिवसात उरकायचं म्हणून लोक काय करतात, 59 ला आत शिरतात आणि नाकासमोर चालत सुटतात, दुपारी दोनला निम्म्यात पोचतात तोवर पाय गेलेले, बॅटरी गेलेली, आणि सगळे फोटो एकाच छापाचे. माझं म्हणणं एवढंच की उजेड कुठे कधी पडतो ते बघून दिवस लावा, नकाशा बघून नको.

पहिलं म्हणजे तारीख. इन्स्टावर सगळीकडे ऑक्टोबरच्या मध्यात लाल डोंगर दिसायला लागतात, ते वर अपस्टेटचे, म्हणजे न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातले असतात, तेव्हा सेंट्रल पार्क अजून बऱ्यापैकी हिरवाच असतो. शहरात गारवा उशिरा येतो, त्यामुळे इथे खरा रंग ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. त्यातही सगळी झाडं एकदम रंगत नाहीत. पार्कातल्या रॅम्बल या रानवट भागात टुपेलो मेडो नावाची जागा आहे, तिथला टुपेलो आधीच लाल होऊन मोकळा होतो, मग मेपल, मग एल्म, आणि ओक सगळ्यात शेवटी, निवांत. जिंकोचं तर विचारूच नका, एका कडक थंडीच्या रात्रीनंतर पाहावं तर सगळी पानं एकदम खाली, झाड बोडकं आणि फूटपाथ पिवळाधमक.

आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार सोडून द्या. त्या दिवशी न्यूयॉर्क मॅरेथॉन असते, शेवट पार्कातच, 50 हजारांवर माणसं पळत येतात, अर्धे रस्ते बंद. आणि त्याच पहाटे घड्याळंही एक तास मागे जातात! म्हणजे शनिवारी पावणेसहाला मावळणारा सूर्य रविवारी पावणेपाचलाच घरी. हे विसरून संध्याकाळचे शॉट प्लॅन केले तर अंधारात पानं चाचपडत बसायची वेळ. जमलं तर मधला वार घ्या, मंगळवार-बुधवार. दिवाळीही याच सुमाराला येते, त्यामुळे शेजारच्या न्यू जर्सीकडची आपली मंडळी पैठणी-कुर्त्यात फोटो काढायला येतातच, मेपलखाली पैठणी भारी दिसते हे मान्य, पण वीकेंडला त्याच झाडाखाली अजून सहा फॅमिल्या रांगेत उभ्या असतात.

[पडद्यावर: पहाट, 72व्या स्ट्रीटचं स्टेशन]

जर्सीहून एनजे ट्रान्झिटच्या गाडीने पेन स्टेशन, तिथून सबवेच्या सी ट्रेनने 72. खूप लवकर असाल आणि सी सुरू झाली नसेल तर ए ट्रेन तेव्हा सगळी स्टेशनं घेत जाते, तीच पकडा. पार्क 6 ला उघडतो, घड्याळं बदलल्यावर सूर्योदय साडेसहाच्या आसपास, त्यामुळे थेट बो ब्रिज गाठायचा, वाटेत काही बघत थांबायचं नाही. लग्नाच्या जोड्या यायच्या आत तासभर पूल जवळपास रिकामा मिळतो. पुलावर पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. समोर तळं, पलीकडे झाडं आणि त्यावर सॅन रेमो बिल्डिंगचे दोन मनोरे. ऊन आधी मनोऱ्यांवर येतं, झाडं अजून सावलीत, पाणी थंड निळसर. मग ते हळूहळू खाली उतरत झाडांच्या शेंड्यावर येतं, आणि ती दहा मिनिटं खरी, तेव्हा लेन्स बदलत बसू नका.

इथे कॅमेऱ्याचं एक सांगतो. ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेरा आपोआप रंग जुळवतो ते) पिवळ्या रंगाला चूक समजून तो निळसर करून टाकतो, म्हणून डेलाइट नाहीतर क्लाउडीवर ठेवा, आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या मूळ फाइलमध्ये काढा. हिस्टोग्राममधला (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) लाल चॅनल वेगळा बघा, बाकी एक्स्पोजर ठीक दिसत असतं आणि मेपलचा लाल मात्र उडालेला असतो, पानाच्या शिराच गायब. लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर असेल तर एकदा फिरवून बघा. पानांवर जो पांढरट चकाका असतो तो जातो आणि आतला रंग वर येतो. पण पाण्यातलं प्रतिबिंब हवं असेल तेव्हा सांभाळून, तो तेही पुसतो.

[पडद्यावर: द मॉल, झाडांची कमान]

बो ब्रिजवरून बेथेस्डा टेरेसवर आलात की समोर मॉल. म्हणजे दुकानांचा नव्हे, सरळसोट रुंद वाट. ओल्मस्टेड आणि वॉक्स यांनी 1858 साली पार्कचा आराखडा केला त्यात बाकी सगळे रस्ते मुद्दाम वळणाचे, सरळ असा हाच. दोन्ही बाजूंना अमेरिकन एल्मच्या रांगा. डच एल्म रोगाने अमेरिकेतले असे एल्म गावोगाव संपवले, इथले पोरासारखे जपलेत म्हणून टिकलेत. उत्तरेच्या टोकाला उभं राहून दक्षिणेकडे बघायचं, म्हणजे सकाळचं ऊन समोरून तिरकं येतं आणि प्रत्येक पान आतून पेटल्यासारखं दिसतं. 9 पर्यंत कुत्री मोकळी सोडायला परवानगी असते. पानांच्या ढिगात एखादा लॅब्रॅडॉर घुसला तर तो फोटो सोडू नका, मला तर नुसत्या झाडांपेक्षा तोच आवडतो.

[पडद्यावर: एकच पान, अगदी जवळून]

हे स्वीटगमचं पान, पाच टोकांचं. देठाकडे अजून हिरवं, मध्ये पिवळं, टोकांना जांभळट. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हरितद्रव्य विरायला लागलं की तो उघडा पडतो. लाल मात्र झाड नव्याने बनवतं, अँथोसायनिन, आणि त्याला दिवसा ऊन आणि रात्री गारवा लागतो. आपल्या सह्याद्रीत कोशिंबाची पालवी लालभडक असते ना, तिथेही हेच अँथोसायनिन, फक्त आपल्याकडे ते पान येताना आणि इथे जाताना.

अकरानंतर दक्षिणेकडचा भाग सोडा. 57व्या स्ट्रीटवर जे सुळके उभे राहिलेत, त्यातला सेंट्रल पार्क टॉवर 472 मीटर उंच, आणि नोव्हेंबरात भर दुपारीही सूर्य एवढा खाली की त्याची सावली सातशे मीटरच्या वर लांब होऊन पार्कात येते. छान रंगलेलं झाड फ्रेममध्ये घ्यावं आणि तेवढ्यात अख्खं झाड विझावं. या सावल्यांवरून शहरात बरीच भांडणंही झालीयेत, मला झाडांची बाजू पटते.

तेव्हा परत सी ट्रेन आणि 103. आत शिरलं की पूल नावाचं तळं, काठावर विलो, आणि तिथून रॅव्हिन नावाच्या घळीत उतरायचं. वर जंगल असल्याने दुपारचं ऊन गाळून येतं. ओढा अगदी रानातला वाटतो, खरं तर सगळं माणसाने रचलंय, पाणीसुद्धा पाइपातून येतं. धबधब्याखाली पानं गोल फिरत असतात, ट्रायपॉडवर अर्धा-एक सेकंद शटर ठेवा, पिवळी वर्तुळं उमटतात. इथे दोन तास सहज जातात, जाऊ द्या.

ग्रुप असेल तर चुकामूक होणारच, आत नेटवर्कही कधी कधी लंगडतं. मग दिव्याचा खांब बघा. त्यावर चार आकडे असतात, पहिले दोन म्हणजे जवळचा स्ट्रीट, शेवटचा सम असेल तर पूर्व बाजू, विषम असेल तर पश्चिम.

साडेतीनच्या सुमाराला फिफ्थ अव्हेन्यूवरच्या 105 च्या गेटपाशी कॉन्झर्व्हेटरी गार्डन. उत्तरेकडच्या फ्रेंच बागेत शरदात कोरियन शेवंती फुललेली असते, ओळीने, सगळ्या छटांची. गजऱ्याची सवय असलेल्या माणसाला इथे तोडायचा मोह होतो, तोडू नका. मग मावळतीला रिझर्व्हॉयर या पार्कातल्या मोठ्या तलावाच्या पश्चिम काठावर या आणि पूर्वेकडे कॅमेरा करा, मागून येणारं ऊन समोरच्या झाडांवर पडलेलं असतं. सगळे सूर्याकडे कॅमेरे रोखून उभे असतात, तुम्ही पाठ फिरवा.

राहता राहिलं हवामान. ढगाळ असेल तर उत्तम, आभाळ फक्त फ्रेममधून कापा. पाऊस असेल तरी निघा, ओल्या खोडांवर काळा रंग चढतो आणि पानं दुप्पट उठून दिसतात, फार कोसळला तर बेथेस्डा टेरेसच्या छताखाली तिथल्या छतावरच्या नक्षीदार मिंटन टाइल्स बघत थांबता येतं. प्लॅन बदलायचा तो फक्त जोराच्या वाऱ्याचा अंदाज असेल तर, आणि पुढे नाही, अलीकडे ओढायचा, कारण वारा येऊन गेल्यावर फोटो काढायला नुसत्या फांद्या उरतात.