तेल पाजलं, फॅट उतरली

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

गायीच्या दुधाला 3.5 टक्के फॅट लागली नाही की दर कापतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. मग कुणीतरी सुचवतं, आंबोणात, म्हणजे भरडा-पेंडीच्या खुराकात, पावशेर गोडेतेल घाला. परवा एका गोठ्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "डॉक्टर, आठ दिवस तेल घालतेय, फॅट वाढायची सोडाच, आणखी दोन पॉइंट, म्हणजे 0.2, उतरली." मी आधी शेण बघितलं. पातळ. चाळणीत धुतलं, तर कडब्याचे तुकडे जसेच्या तसे.

चारा गाय पचवत नाही, तिच्या कोटीपोटातले, म्हणजे चार पोटांपैकी पहिल्या मोठ्या पोटातले, जिवाणू पचवतात. मोकळं तेल त्यांना सोसत नाही. चाऱ्यापासून ते जे ॲसेटिक आम्ल करतात, त्यातूनच दुधातली बरीचशी फॅट बनते. जिवाणू घटले की तेही घटलं. वर त्या तेलातून असे काही घटक तयार होतात की ते कासेत फॅट बनूच देत नाहीत.

मोकळ्या तेलाऐवजी बाजारात पिशवीतून बायपास फॅट मिळते. तिच्यात तेलातली आम्लं कॅल्शियमशी बांधलेली असतात. ती कोटीपोटातून तशीच पुढे जातात, चौथ्या पोटातल्या आंबटपणात सुटतात आणि आतड्यात पचतात. नुकत्या व्यालेल्या, भरपूर दूध देणाऱ्या गायीला दिवसाला 100 ते 200 ग्रॅम पुरे. भाकड गायीवर हा खर्च कशाला?

पण बाईंची खरी चूक तेलाच्याही आधीची होती. धारेच्या वेळी चार किलो मक्याचा भरडा एकदम, आणि वैरण मागाहून! अशानं कोटीपोटाचा सामू (पीएच) 6 च्या खाली घसरतो, म्हणजे तिथला आंबटपणा वाढतो. मग बायपास फॅटही तिथंच सुटायला लागते; पिशवीचे पैसे गेले. म्हणून आधी वैरण, मग आंबोण, तेही तीन-चार वेळा विभागून. नाहीतर कुट्टी (कापलेली वैरण), मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा), भरडा एकत्र कालवून द्या. कुट्टीचं मात्र पीठ करू नका. रवंथ झाली नाही तर लाळ सुटत नाही. मोठ्या संकरित गायीला दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ सुटते, आणि आंबटपणा मारायचं खायच्या सोड्याचं काम ती फुकटात करते.

दुपारी निवांत बसलेल्या गायी बघा. निम्म्या तरी रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. बाईंच्या गोठ्यात तीन गायी होत्या. तिघींचीही तोंडं बंद होती.